बुजवलेला चर

उतारावर पावसाचं पाणी अडवून जिरवण्यासाठी एकाच पातळीत खोदलेला साडेतीनशे मीटरचा सलग समतल चर होता आणि त्यात एकच जागा बुजवलेली होती. जेमतेम चार फूट. बाकीचा चर अगदी नमुनेदार. 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल, काढलेली माती खालच्या अंगाला आणि चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून रचलेली. ही वीतभर जागा सोडली नाही तर पहिल्याच पावसात भराव परत चरात ढासळतो. त्या चार फुटांत मात्र दगड होते, आणि ते कुणी फेकलेले नव्हते. खाली मोठे, वर चपटे, फटींमध्ये चिपा बसवलेल्या, पायरी बांधावी तसे. त्याच्या खालच्या अंगाचा मातीचा भराव तेवढ्याच रुंदीत तुडवून बसून गेला होता. पाहणीला आलेली मंडळी तिथं क्षणभर थांबली, कुणीतरी 'मुद्दाम केलंय' म्हणालं, वहीत 'अज्ञात व्यक्तीकडून नुकसान' अशी नोंद झाली आणि सगळे पुढच्या चराकडे निघाले.

नुकसान करणारा माणूस एवढ्या निगुतीनं दगड बसवत नाही.

वर पाहिलं तर गवतातून एक पांढुरकी रेघ उतरत होती. लेंड्यांचा वास, बाभळीच्या खालच्या फांद्या एका उंचीवर साफ केलेल्या, मुरमावर खुरांनी पडलेली गुळगुळीत वाट. वरच्या वस्तीतून निघून खालच्या डोहाकडे जाणारी गुरांची वाट होती ती, कितीतरी वर्षांची. चर तिला काटकोनात कापून गेला होता. शेळी दोन फुटांचा चर सहज उडी मारून जाते. गाभण शेळी जात नाही, आठ दिवसांचं करडू जात नाही आणि गाय तर काठाशी येऊन उभीच राहते. म्हणून कुणीतरी पूल केला. चराच्या दृष्टीनं त्या दगडांनी काही बिघडत नव्हतं. सलग चरातही मधे मधे न खोदलेली आडवी माती ठेवावीच लागते, नाहीतर एका टोकाला फुटला तर सगळा चर तिकडून रिकामा होतो. बिघडलं ते भरावामुळे. खुरांनी बसलेला तो चार फुटांचा तुकडा साऱ्या भरावातली सखल जागा ठरला. पहिल्या मोठ्या पावसात चर भरला आणि साडेतीनशे मीटरमधलं जास्तीचं पाणी त्या एकाच जागेवरून, नेमकं वाटेवरून, खाली सुटलं. वाटेची ओघळ झाली आणि खालचे तीन चर गाळानं भरले.

ओळ काढताना कुणाची चूक झाली होती, असंही नाही. हायड्रोमार्करनं काम नीट झालं होतं. दोन काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, मधे पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्यावर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. दिसायला सोपं आहे, पण नळीत एक बुडबुडा अडकला की आकडा हलतो, आणि कडक उन्हात नळी तापली की बुडबुडे धरतातच. दर 10 मीटरला एक सेंटिमीटरची चूक एकाच बाजूला होत गेली तर 100 मीटरला 10 सेंटिमीटर होतात. 30 सेंटिमीटर खोल चरात हा तिसरा हिस्सा झाला. चर मग चर राहत नाही, पाट होतो. इथं तसं झालं नव्हतं. ओळ पातळीला धरून होती, आखणीच्या पांढऱ्या फक्कीची रेघ स्वच्छ होती, खोदणाऱ्यांनी मापं सांभाळली होती. ही वाट कुणाची, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

पाणलोटाच्या कामात 'लोकसहभाग' हा शब्द इतक्या वेळा येतो की तो वाचताना आता कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. भागीदार कोण, असं विचारलं की यादी तयार असते. ग्रामपंचायत, पाणलोट समिती, स्वयंसेवी संस्था, कृषी विभाग, पैसा देणारी संस्था, कधी एखादी कंपनी. या यादीत वरच्या वस्तीवरचा शेळ्यावाला नसतो. त्याला मुद्दाम कुणी वगळलेलं नसतं, कागद ज्या पद्धतीनं भरायचे असतात त्यात तो बसत नाही, इतकंच. खासगी शेतावरच्या कामाची पद्धत चांगली आहे, कुणालाही शिकण्यासारखी. तंत्रज्ञ गट नंबर घेऊन प्रत्यक्ष शेतात जातो, नवरा-बायको दोघांना बरोबर घेऊन बांधावरून फिरतो, मातीची खोली बघतो, उतार मोजतो, 'पाणी कुठून फुटतं' ते त्यांच्याच तोंडून ऐकतो आणि मग थोडा उतार दिलेला ढाळीचा बांध की शेताचे कप्पे पाडणारं कंपार्टमेंट बंडिंग, हे तिथल्या तिथं ठरतं. खाली दोघांच्या सह्या. यात बाईची सही महत्त्वाची, कारण बांध कुठं फुटतो हे बहुतेक वेळा तिला जास्त नेमकं ठाऊक असतं. पण ही सारी पद्धत सातबाऱ्यावर उभी आहे. गायरानाला सातबाऱ्यावर माणूस नसतो आणि वनजमिनीलाही नसतो. तिथं ग्रामसभेचा एक ठराव पुरतो: चराईबंदी सर्वानुमते मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सभा सकाळी दहाला असते आणि त्या वेळी गुराखी डोंगरावर असतो.

काम 'माथा ते पायथा' करायचं, हे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. पण माथ्यावरच कुणाची सही नसते.

हे सगळं कुणाच्या पदरात काय घालतं, याचा हिशेब मांडायला फार आकडे लागत नाहीत. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. वर दिलेल्या मापाच्या चराच्या एका मीटरमध्ये 180 लिटर मावतं. हेक्टरी 500 मीटर चर खोदला तर एका भरण्यात 90,000 लिटर, म्हणजे त्या हेक्टरवरून वाहून जाणारं 9 मिलिमीटर पाणी थांबतं. पावसाळ्यात चर जितक्या वेळा भरून जिरेल तितक्या पटीनं ते वाढतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात हे पाणी जिरलं तिथंच साठून बसत नाही. मुरमातून, खडकाच्या सांध्यांतून, भेगांतून ते उताराच्या दिशेनं सरकत राहतं आणि पायथ्याच्या विहिरींना पाझर वाढतो. म्हणजे डोंगर बंद होतो वरच्यांसाठी आणि विहीर भरते खालच्यांची. ज्याची खाली विहीर आहे त्याला दुसरं पीक मिळतं. ज्याच्या वर फक्त बारा शेळ्या आहेत, त्याच्या वाट्याला तीन पावसाळे चराईबंदी येते. तो शेळ्या विकतो, आणि घाईत विकतो, म्हणजे भाव पडून विकतो. घरच्या बाईला चाऱ्याचा भारा आणायला लांब जावं लागतं. या माणसांनी भल्या मनानं सहकार्य करावं अशी अपेक्षा धरणं मला कधीच पटलेलं नाही.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याची उत्तरंही आपल्याकडे सापडलेली आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिचा पायाच हा होता की पाणी जमिनीला नाही, माणसाला. दरडोई अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही, आणि उसाला पाणी नाही. तिकडे शिवालिकच्या पायथ्याशी सुखोमाजरी गावात 1970 च्या दशकात वेगळ्या वाटेनं हेच उमगलं. चंडीगढचा सुखना तलाव गाळानं भरत होता आणि तो गाळ सुखोमाजरीच्या चरून उघड्या पडलेल्या उतारांवरून येत होता. मृदसंधारण तज्ज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडं लावली, चर खोदले, पण जनावरं थांबेनात. गावात छोटा बंधारा झाला, त्याचं पाणी मोजक्या शेतांना मिळू लागलं, तेव्हा बाकीच्यांनी विचारलं, मग आम्ही डोंगर का राखायचा? प्रत्येक घराला पाण्यात सारखा वाटा मिळाला, भूमिहीनांनाही, आणि नको असेल तर तो दुसऱ्याला विकायची मुभा मिळाली, तेव्हा गावानं आपणहून डोंगर राखला. काटेरी कुंपण लागलं नाही. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत मेंढपाळांचा विरोध होता. तिथं डोंगर एकदम बंद न करता तुकड्या-तुकड्यांनी बंद केला गेला. या तिन्ही गोष्टी पाणलोटाच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितल्या जातात आणि माझ्या मते बहुतेक वेळा चुकीच्या जागी सांगितल्या जातात: शेवटच्या दिवशी, यशोगाथा म्हणून. त्यांची जागा पहिल्या दिवशी आहे, कामाचा क्रम ठरवताना.

क्रमाचं महत्त्व ओळखणारे कार्यक्रमही झाले. नाबार्ड ही ग्रामीण विकासाची बँक आणि जर्मन मदत यांतून 1992 मध्ये सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची कल्पना फादर हर्मन बाखर यांची. त्यात गावाला पैसा लगेच मिळत नसे. आधी चार दिवसांचं श्रमदान, मग पाणलोटाचा एक छोटा तुकडा घेऊन वर्ष-दीड वर्ष काम शिकायचं, समितीनं मस्टर कसं भरायचं, खातं कसं चालवायचं, मोजमाप कसं घ्यायचं हे हातानं करून बघायचं, आणि त्यानंतर पूर्ण आराखडा. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण याच काळात भांडणं वर येतात, आणि ती लहान असताना वर येतात. कुणाचा बांध सरकला आहे, कुणाच्या विहिरीवर कुणाचा दावा आहे, कोणती वस्ती ग्रामसभेला येतच नाही, हे त्या वर्षात कळतं. चरातले दगड दिसायला हवेत ते तेव्हा.

पाणलोट कामांसाठीच्या केंद्र सरकारच्या 2008 च्या समान मार्गदर्शक सूचनांनीही हे काही प्रमाणात धरलं होतं. चार ते सात वर्षांचा कालावधी, त्यातली पहिली एक-दोन वर्षं निव्वळ तयारीची. पाणलोट समितीत निम्म्या जागा बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीनांच्या प्रतिनिधींना. एकूण रकमेतले 10 टक्के ज्यांच्याकडे मालमत्ता नाही त्यांच्या उपजीविकेसाठी, 5 टक्के संस्थाबांधणी आणि प्रशिक्षणासाठी, 4 टक्के प्रवेश प्रेरक उपक्रमासाठी. कागद वाईट नव्हता. मात्र त्या 4 टक्क्यांचं काय होतं हे जरूर बघावं. गावानं काम करायला तयार व्हावं म्हणून सुरुवातीला गावाच्या गरजेचं एक काम करायचं, असा तो पैसा. 'गावाची गरज' विचारली जाते ती चावडीवर, आणि चावडीवर जे बसलेले असतात त्यांची गरज सभामंडप किंवा कमान असते. त्याच पैशात वरच्या वस्तीजवळ जनावरांसाठी पाण्याचा हौद झाला असता तर गुरांना डोहापर्यंत उतरावंच लागलं नसतं. आपण ज्या चराबद्दल बोलतोय त्याच्यावरचे दगडही मग लागले नसते.

आणि मग येतो मार्च. निधी उशिरा येतो, खर्च वर्षअखेरीच्या आत दाखवायचा असतो. माथ्यावरचं काम माणसांच्या हातांचं आणि सावकाशीचं. कुदळीनं मुरूम फोडायचा, पातळी तपासायची, भराव धुमसायचा, पाऊस पडता पडता त्यावर स्टायलो या चारापिकाचं बी टाकायचं. बी कठीण सालीचं, आधी गरम पाण्यातून काढून घेतलं तर बरं उगवतं, हेही कुणीतरी लक्षात ठेवायचं. जेसीबी त्या उतारावर चढत नाही. नाल्यात उतरतो, आणि नाल्यात दोन दिवसांत केवढं तरी काम दिसतं, मोजमाप पुस्तकात भरतं, बिल निघतं. म्हणून काम उलटं होतं: आधी नाल्याचं खोलीकरण, मग बंधारा आणि उरलंच तर माथा. वरची माती मोकळी असताना खाली केलेली प्रत्येक खोली दोन-तीन पावसाळ्यांत गाळ धरते. खोलीकरण करताना मऊ थर ओलांडून कठीण पाषाणात गेलं तर तिथं पाणी दिसतं खरं, पण ते जिरत नाही, उन्हाळ्यात वाफ होऊन जातं. वरच्या ओघळींत साधे दगडी बांध नीट घातले असते तर बराच गाळ तिथंच थांबला असता. त्यांनाही एक कळ आहे: बांधाचा मधला भाग दोन्ही कडांपेक्षा खाली ठेवायचा आणि कडा काठाच्या मातीत आत घुसवायच्या. मधला भाग उंच राहिला तर पाणी कडेनं वाट काढतं, काठ कापतं आणि पुढच्या वर्षी बांध ओघळीच्या मधोमध बेटासारखा उभा दिसतो. असे बेटासारखे उभे बांध महाराष्ट्रात कितीतरी आहेत. पाहिले की जीव हळहळतो, कारण दगड कुणीतरी डोक्यावर वाहून आणलेले असतात.

वरच्या माणसाशी बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायला हवं. त्याला सभेला बोलवायचं नाही, आपण त्याच्या वेळेला डोंगरावर जायचं. एक दिवस नाही, निदान तीन, आणि तेही वेगवेगळ्या ऋतूंत, कारण पावसाळ्यात जनावरं जिथं चरतात तिथं ती उन्हाळ्यात नसतात. त्याच्याबरोबर चालत नकाशावर चार गोष्टी टिपायच्या: वाटा, पाणी प्यायच्या जागा, दुपारी जनावरं बसतात ती सावली, आणि मार्चनंतर ज्या तुकड्यात गवत टिकतं तो तुकडा. मग डोंगराचे तीन खंड पाडायचे. एका वेळी एकच बंद. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की पाच-सहा फुटांपर्यंत पोचते, तेव्हा रोपं त्याच्यावर गेल्याशिवाय खंड उघडायचा नाही आणि दुसरा बंद करायचा नाही. बंद खंडातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्यांचाच, ज्यांची चराई थांबली, आणि तो हक्क ठरावात तारखेसकट लिहायचा. लिलाव करायचा नाही. लिलाव केला की गवत ज्याच्याकडे पैसे आणि गोठा आहे त्याच्याकडे जातं. पहिल्या वर्षी कुसळी गवतच जास्त येतं, ती फुलोऱ्यावर यायच्या आत कापली तरच जनावर खातं, नंतर तिची टोकं तोंडात रुततात. मारवेल आणि पवन्या ही चांगली गवतं परत यायला एक-दोन पावसाळे जातात. तेवढ्या काळात चारा कमी पडणार आहे, हे आधीच मान्य करून खालच्या बागाईतदारांकडून कडब्याचा वाटा ठरवून घ्यायचा. दुष्काळ पडला तर बंदी कुठपर्यंत शिथिल होईल, हेही आधीच लिहायचं, कारण दुष्काळात कुणी ठराव वाचत नाही.

आणि जे गावचे नाहीतच त्यांचं काय? दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे धनगरांचे कळप दरवर्षी त्याच डोंगरावरून जातात. ते कुठल्याच ग्रामसभेचे सदस्य नसतात. पण गावातलाच शेतकरी त्यांना खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला बोलावतो, म्हणजे त्यांच्याशी बोलणारा माणूस गावात असतोच. त्याच्यामार्फत एक पट्टा आणि दोन मुक्कामाच्या जागा ठरवता येतात. हे मी कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं पाहिलेलं नाही.

पाणी आल्यानंतरची गोष्ट आणखी अवघड असते. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही असं ठरवलं, ऊस-केळीला नाही म्हटलं आणि दरवर्षी पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवलं. हे जिथं झालं नाही तिथं चरांनी जिरवलेलं पाणी चार-पाच खोल बोअरनी उपसून नेलं, आणि डोंगर राखणाऱ्यानं ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. अशा गावात दुसऱ्यांदा चराईबंदीचा ठराव घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याला काय ऐकावं लागतं, याची कल्पना करता येते.

चराकडे परत येऊ. दुरुस्ती फार मोठी नाही. वाट जिथं चराला छेदते तिथं दोन मीटर जागा न खोदता सोडायची. दोन्ही बाजूंना चराची टोकं जराशी वर वळवून घ्यायची, म्हणजे पाणी टोकाशी येऊन वाटेवर सुटत नाही. तिथला भराव बाकीच्यापेक्षा वीतभर उंच ठेवायचा, आणि जास्तीच्या पाण्यासाठी वाटेपासून लांब, गवत असलेल्या जागी, दगड लावून सांडवा द्यायचा. वाटेवर दर पाच-सात मीटरला तिरपी दगडांची ओळ रोवली की वाटेवरचं पाणी बाजूला गवतात जातं. खालच्या ओळींमधली न खोदता सोडलेली जागा एकाखाली एक ठेवायची नाही, वाट जशी वळत उतरते तशी ती वळत गेली पाहिजे. हे काम दोन माणसांचं आणि एका दिवसाचं. ओळ आखतानाच ठरलं असतं तर दहा मिनिटांचं. फक्की टाकणाऱ्या माणसाच्या पुढे वाट माहीत असलेला एक माणूस चालत हवा होता. त्यानं 'इथं थांबव' म्हटलं की फक्कीची रेघ थांबायची, दोन मीटर ओलांडून पुन्हा सुरू व्हायची.

त्या चार फुटांतले दगड काढून टाकायचा आदेश नंतर निघाला. ते काढले गेले, चर पुन्हा मापात खोदला गेला. पुढच्या पाहणीच्या वेळी ते दगड तिथंच होते, पुन्हा तसेच बसवलेले, खाली मोठे, वर चपटे. या वेळी फटींमध्ये गवताचे गड्डेही लावले होते, आणि ते रुजले होते.